जड, एका बाजूला कललेलं लाकूड आणि नाचणारं लेथ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरग लागला, पहिला जोराचा वारा सुटला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाच्या परसात फणस आडवा झालेला असतो, कुणाच्या आंब्याची फांदी मोडलेली असते. लाकूड फुकट मिळालेलं, लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, मोठा वाडगा काढायची हौस, आणि मग तक्रार: "लेथ उड्या मारतं." गोव्यात डिचोलीजवळच्या माझ्या शेडमध्ये मी बरीच वर्षं हेच काम करतो. त्याच त्या प्रश्नांची उत्तरं दर वेळी फोनवर देण्यापेक्षा एकदाची इथे लिहून ठेवतो आहे.

लेथ एवढं का हलतं? मशीन हलकं आहे म्हणून?

मशीन हलकं असेलही, पण मूळ दुखणं लाकडात असतं. ओंडक्याच्या वजनाचा मध्य आणि तो ज्या अक्षाभोवती फिरतो ती रेषा, या दोन गोष्टी एकाच जागी नसतात. मधलं अंतर दिसायला किरकोळ असतं आणि परिणाम मात्र भलताच मोठा.

दहा किलोचा ओंडका घ्या. त्याच्या वजनाचा मध्य अक्षापासून फक्त एक सेंटिमीटर बाजूला आहे असं धरा. मिनिटाला ३०० फेऱ्यांवर तो लेथला साधारण १० किलो वजनाएवढ्या जोराने बाहेर खेचतो. फेरे ६०० केले की हा जोर २० होत नाही, ४० होतो. १२०० वर तो १६० किलोवर जातो. वेग दुप्पट केला की ओढ चौपट होते, हे एक गणित डोक्यात बसलं की पुढची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील.

शिवाय ही ओढ एका जागी थांबत नाही. ६०० फेऱ्यांवर ती सेकंदाला दहा वेळा वर, पुढे, खाली, मागे अशी फिरते. वर-खालची ओढ मशीनचं वजन बऱ्यापैकी सोसतं. वाईट असते ती पुढची-मागची, कारण हेडस्टॉक, म्हणजे लाकूड फिरवणारा भाग, कमरेच्या वर असतो आणि पाय अरुंद. उंच स्टुलाला वरून ढकललं की ते जसं डुलतं तसंच हे.

सुरुवातीला वेग किती ठेवू?

तुमचं लेथ देईल तेवढा कमीत कमी. २५० मिळत असतील तर २५०.

व्यासाचे इंच गुणिले फेरे यांचा गुणाकार ६००० ते ९००० मध्ये ठेवावा, असा लेथवाल्यांचा एक ढोबळ नियम आहे. म्हणजे १२ इंची लाकडाला ५०० ते ७५०. पण हा आकडा गोल झालेल्या, तोल साधलेल्या लाकडाचा आहे. ओबडधोबड ओंडका पहिल्यांदा फिरवताना त्याच्या निम्म्यावरच राहा. मग हळूहळू वाढवत न्या, मशीन कुरकुरायला लागलं की थोडं मागे या आणि तिथेच काम करा. लाकूड गोल होत जाईल तसा वेग आपोआप वाढवता येतो. वेग कमी असताना धीर सुटतो, हे मान्य. हत्यार लाकडावर दणदण आपटतं आणि वाटतं की जरा वाढवलं तर बरं कापेल. थोडं बरं कापतंही, म्हणूनच मोह होतो.

एक गंमत मात्र ध्यानात ठेवा. प्रत्येक लेथला, म्हणजे मशीन, स्टँड आणि खालची जमीन मिळून जो काही संसार असतो त्याला, स्वतःची एक डुलण्याची लय असते. लाकडाचे फेरे त्या लयीशी जुळले की हादरे एकदम वाढतात. माझ्या जुन्या लेथचं हे ठिकाण ४५० च्या आसपास होतं. ४०० वर ठीक, ४५० वर कपाटातले डबे वाजायचे, ५२० वर परत बरं. तेव्हा हादरे वाढले म्हणजे तोल आणखी बिघडला असं दर वेळी नसतं. आधी वेग थोडा खाली आणून बघा. वर नेऊन ती जागा पार करायची युक्ती वापरायची असेल तर लाकूड बऱ्यापैकी गोल झाल्यावरच.

ओंडका चढवण्याआधी काय करता येईल?

सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे आणि सगळ्यात जास्त घाईही लोक इथेच करतात.

पहिलं म्हणजे लाकूड ओळखा. झाडाचा गाभा खोडाच्या मधोमध असेलच असं नाही. उतारावर वाढलेल्या किंवा उजेडाकडे झुकलेल्या झाडात तो एका बाजूला सरकलेला असतो. गाठ असलेली बाजू जड. आतला गाभा आणि बाहेरचं पांढरं लाकूड यांच्या वजनात फरक असतो, आणि ताज्या लाकडात पाणी कुठे किती आहे त्यावर तो फरक कमी-जास्त होतो. फणसाच्या फांदीतून वाडगा काढताना एका कडेला पांढरं आणि दुसरीकडे पिवळा गाभा आला, तर दिसायला गोल असलेलं लाकूडही एका बाजूला ओढतं. माट्टीची म्हणजे घाटावरच्या ऐनाची फोड हाती आली तर ती मुळातच इतकी जड असते की चूक अजिबात माफ होत नाही. माडाच्या खोडाची तऱ्हा उलटी, बाहेरून टणक आणि आत भुसभुशीत. पण हा फरक सगळीकडून सारखा असल्यामुळे माड तोलाला फारसा त्रास देत नाही. त्रास हत्याराच्या धारेला देतो.

दुसरं, कोपरे उडवा. बँडसॉ असेल तर पुठ्ठ्याची गोल चकती लाकडावर ठोकून तिच्या कडेने कापा. नसेल तर चेनसॉने किंवा हातकरवतीने चौकोनाचा अष्टकोन करा. दहा मिनिटांच्या या कामाने लेथवरचा अर्धा तास वाचतो. साल सुटत आली असेल तर आधीच काढून टाका. फिरताना ती उडते, आणि उडताना कुठे जायचं ते तीच ठरवते.

तिसरं, अक्ष शोधा. ओंडका दोन टोकांमध्ये, म्हणजे हेडस्टॉकचा काटा आणि टेलस्टॉकचं (समोरच्या टोकाचा सरकता आधार) फिरतं सेंटर यांच्यामध्ये धरा. मोटरचा पट्टा सैल करा, म्हणजे लाकूड मोकळं फिरेल. हाताने हलकंसं फिरवून सोडून द्या. थांबताना दर वेळी एकच बाजू खाली येत असेल तर ती जड. तिच्यावर खडूने खूण करा आणि दोन्ही टोकांचे बिंदू त्या जड बाजूकडे थोडे सरकवा. पाच मिलिमीटरनेही फरक कळतो. पुन्हा फिरवून बघा. लाकूड कुठल्याही जागी निवांत थांबायला लागलं की झालं. बेअरिंग आणि पट्टा यांच्या घर्षणामुळे अगदी बारीक फरक या रीतीने कळत नाही, पण बारीक फरकाची काळजी पुढे करता येते.

अक्ष सरकवल्यावर वाडग्याचा व्यास थोडा कमी होतो. काहींना हे जिवावर येतं. मग जड बाजूचं लाकूड बाहेरून तासा, किंवा वाडग्याच्या पोटातून जे लाकूड निघून जाणारच आहे तिथे जड बाजूला ड्रिलने भोकं मारून वजन कमी करा. ज्या तोंडावर फेसप्लेट, म्हणजे लाकडाला स्क्रूने बसवायची लोखंडी चकती, बसणार असेल तिथे स्क्रूच्या जागा तेवढ्या सोडा.

लांब ओंडक्यात, उदाहरणार्थ उंच फुलदाणीसाठीच्या, आणखी एक खोच आहे. एका टोकाला वजन वरच्या बाजूला आणि दुसऱ्या टोकाला खालच्या बाजूला असेल तर ओंडका हाताने फिरवताना अगदी गुणी वाटतो आणि मशीन चालू झालं की वळवळतो. अशा वेळी दोन्ही टोकं वेगवेगळी निरखून जिथे फुगवटा आहे तिथलं लाकूड आधी काढावं लागतं.

फेसप्लेट वापरू की चक? की दोन टोकांमध्येच धरू?

सुरुवात नेहमी दोन टोकांमध्ये. अक्ष बदलायची मोकळीक फक्त तिथेच मिळते. फेसप्लेट एकदा स्क्रूने बसवली की तुम्ही त्या अक्षाशी लग्न लावलंत.

बाहेरची बाजू गोल झाली की तळाला चकसाठी, म्हणजे लाकूड जबड्यांत पकडणाऱ्या साधनासाठी, गोल गुडघी काढा. ती बारीक ठेवू नका. १२ इंची वाडग्याला चार ते पाच इंच व्यासाची हवी, आणि चकच्या जबड्याचं तोंड लाकडाच्या सपाट खांद्याला टेकलं पाहिजे. पोट कोरायला घेईपर्यंत टेलस्टॉक पुढे आणून आधार द्या. ओल्या लाकडावर जबड्याची पकड दाबली जाऊन सैल होते, म्हणून पाच-दहा मिनिटं चालवल्यावर चक पुन्हा आवळा.

फेसप्लेट वापरायचीच असेल तर स्क्रू जाड आणि निदान सव्वा इंच आत जाणारे घ्या. जिप्सम बोर्डाला मारतात ते काळे स्क्रू इथे नकोत. ते कडक असतात, वाकत नाहीत, सरळ तुटतात. खोडाच्या कापलेल्या तोंडाकडून, म्हणजे नसांच्या टोकांमध्ये, स्क्रू नीट धरत नाहीत. तिथे आणखी लांब स्क्रू घ्या आणि टेलस्टॉकचा आधार काढू नका.

काल सगळं शांत होतं. आज सकाळी चालू केलं तर पुन्हा थरथर. रात्रीत काय झालं?

पाणी खाली उतरलं. ताजं लाकूड रात्रभर लेथवर एकाच जागी राहिलं की आतला ओलावा खालच्या बाजूला जमतो आणि ती बाजू जड होते. दुसरं कारण म्हणजे लाकूड सुकताना गोल राहत नाही, किंचित लंबगोल होतं. आपल्याकडे जुलैत हवा इतकी ओली असते की हे हळू होतं. पण डिसेंबरात, किंवा शेडमध्ये पंखा लावून ठेवला तर एका रात्रीत डोळ्यांना दिसण्याएवढं होतं.

कमी वेगावर थोडा वेळ फिरू द्या, मग बाहेरून एक पातळ हात मारून परत गोल करा. काम अर्धवट सोडावं लागलं तर लाकूड चकसकट उतरवा आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. फणसाचा चीक पिशवीला चिकटतो, त्याला इलाज नाही. खोबरेल तेलाने हात धुवा.

स्टँडवर रेतीच्या पिशव्या ठेवल्या तर?

फायदा होतो, पण क्रम चुकवू नका. आधी लाकडाचा तोल, मग वेग, वजन शेवटी. हादरणाऱ्या ओंडक्याखाली दोनशे किलो ठेवून लेथ जागेवर राहील, पण मग तो सगळा मार बेअरिंग खातात.

वजन जमेल तितकं खाली, जमिनीलगत ठेवा. रेतीचा गुण असा की ती नुसतं वजन देत नाही. तिचे कण एकमेकांवर घासून हादरे जिरवतात. गोव्यात रेती मिळवणं म्हणजे काय दिव्य आहे ते घर बांधणाऱ्याला विचारा. पण पाच-सहा पिशव्यांपुरती कुठेतरी मिळते. नाहीतर चिरे आहेतच. पायांमध्ये खालच्या बाजूला जाड प्लायवुडची फळी घट्ट बोल्टने बसवा, चिरे तिच्यावर रचा आणि फटींत रेती किंवा चिऱ्याचा चुरा भरा. चिरे सुटे ठेवलेत तर तेच खडखडायला लागतील.

वजनापेक्षा पायांची रुंदी मला जास्त महत्त्वाची वाटते. स्टँडचे पाय पुढे-मागे फाकलेले असतील तर कमी वजनातही लेथ डुलत नाही. बाजारात मिळणारी पातळ पत्र्याची स्टँडं या बाबतीत निव्वळ खेळणी आहेत. मी माझं टाकून दिलं आणि चार इंची वाश्यांचा, तिरक्या आधारांचा लाकडी सांगाडा केला. तेच लेथ, तोच ओंडका, फरक जमीन-अस्मानाचा.

जमिनीला बोल्ट मारून टाकू?

जाड काँक्रीटची जमीन असेल तर मारा, पण आधी चारही पाय सारखे टेकतात का ते बघा. एक पाय अधांतरी असताना बोल्ट आवळला तर बेडला, म्हणजे मशीनच्या लांब आडव्या सांगाड्याला, पीळ बसतो आणि हेडस्टॉक व टेलस्टॉकची टोकं समोरासमोर येत नाहीत. पायाखाली पत्र्याचे तुकडे सारून आधी समपातळी करा, मग आवळा, आणि आवळल्यावर दोन्ही टोकं पुन्हा जुळवून बघा.

जुन्या घरांतल्या पातळ कोब्यावर किंवा टाइल्सवर बोल्ट मारून हाती काही येत नाही, टाइल तेवढी फुटते. तिथे वजन आणि रुंद पाय बरे. मऊ रबराचे जाड तुकडे पायांखाली घालायचा सल्ला पुष्कळ जण देतात. त्याने खालच्या मजल्यावरच्या लोकांना आवाज कमी जातो, पण लेथ मात्र स्प्रिंगवर बसवल्यासारखं आणखी डुलतं. घालायचंच तर कडक आणि पातळ रबर घाला.

लाकूड गोल झालं, वजन ठेवलं, तरी थरथर आहेच. आता?

आता मशीन तपासा. चक आणि लाकूड काढून लेथ रिकामं चालवा. तरीही थरथरत असेल तर दोष पट्टा, पुली किंवा बेअरिंगचा. बरेच दिवस बंद राहिलेल्या लेथचा पट्टा पुलीवर ज्या जागी वळलेला असतो तिथे कडक होतो आणि फिरताना टक-टक करतो. पावसाळाभर बंद ठेवून चवथीनंतर लेथ चालू करणाऱ्यांकडे हा दोष हमखास असतो. थोडा वेळ चालवून गेला तर ठीक, नाहीतर पट्टा बदला. पुलीचा स्क्रू सैल झालाय का तेही बघा.

रिकामं लेथ शांत आणि चक लावल्यावर थरथर, असं असेल तर चकच्या आट्यांत किंवा खांद्यावर भुसा अडकलाय. जुन्या टूथब्रशने साफ करा. टेलस्टॉकची नळी फार बाहेर काढली असेल तर आत घ्या. टूल रेस्टचा, म्हणजे हत्यार टेकवायच्या पट्टीचा, खटका आवळा. हे सगळं फालतू वाटतं, पण मी बघायला गेलेल्या दहांतल्या तीन-चार लेथांत यांतलंच काहीतरी निघालं.

आणि थरथर फक्त हत्यार टेकवल्यावरच येत असेल, बारीक किणकिणाट होत असेल, लाकडावर मळसूत्री रेघा उठत असतील, तर तो तोलाचा प्रश्नच नाही. पातळ भिंत किंवा लांब बारीक लाकूड हत्याराच्या दाबाने वाकून परत येतं आहे. धार लावा, दाब कमी करा, लांब कामाला मधे चाकांचा आधार द्या. त्यावर रेतीच्या पिशव्या टाकून काही होणार नाही.

गाउज कसं धरलं म्हणजे दणके कमी बसतील?

टूल रेस्ट लाकडाच्या जवळ, पण हाताने एक पूर्ण फेरा फिरवून कुठे अडत नाही ना ते पाहून मगच बटण दाबा. गाउज, म्हणजे पन्हळीचं कोरायचं हत्यार, रेस्टवर घट्ट, मूठ कमरेला टेकलेली, आणि सरकायचं ते अंगाने. नवशिके हत्यार लाकडावर दाबून धरतात. मग लाकडाचा उंचवटा आला की हत्यार मागे, खळगा आला की पुढे, आणि लाकूड कधी गोलच होत नाही. हत्यार जागेवर ठेवा, उंचवट्यांना त्याच्यापर्यंत येऊ द्या. हात बारीक-बारीक मारा.

मला सालीसकट वेडावाकडा काठ ठेवायचा आहे. तिथे तोल कसा साधणार?

पूर्ण कधीच साधत नाही. एक उपाय प्रतिवजनाचा आहे. फेसप्लेट आणि लाकूड यांच्यामध्ये जाड प्लायवुडची चकती बसवायची आणि हलक्या बाजूला लोखंडी वजन तिला आरपार बोल्ट मारून, नट-वॉशरने आवळायचं. चिकटपट्टी, बाइंडिंग वायर असले प्रकार इथे बिलकूल नकोत. ६०० फेऱ्यांवर सहा इंचांवर बसवलेलं अर्ध्या किलोचं वजन साधारण तीस किलोच्या जोराने सुटायला बघत असतं. लाकूड कापलं जाईल तसा तोल बदलतो, म्हणून वजनही अधूनमधून कमी करत जावं लागतं. एवढी खटपट नको असेल तर कमी वेगावर, धारदार हत्याराने, वेळ घेऊन करा. मी बहुतेकदा हेच करतो.

व्हीएफडी बसवला की प्रश्न सुटेल का?

व्हीएफडी म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं विजेचं उपकरण. त्याने सोय फार होते, पण अर्धी गोष्ट सांगितली जाते. साधी मोटर १४४० फेऱ्यांची असते. तीन इंची पुलीवरून नऊ इंचीवर पट्टा घातला की ४८० मिळतात, आणि ताकदही तिप्पट. पट्टा वेगाच्या पुलीवर तसाच ठेवून व्हीएफडीने मोटरच हळू केली तर ही ताकद मिळत नाही, वर मोटरचा स्वतःचा पंखा मंदावतो आणि ती तापते. जड लाकडाला पट्टा आधी हळू पुलीवर घाला, मग व्हीएफडीने बारीक कमी-जास्त करा. थांबायचा वेळही वाढवून ठेवा. मोटर झटक्यात थांबली आणि वीस किलोचं लाकूड फिरतच राहिलं तर चक आट्यांवरून उलटा सुटतो.

पट्ट्याचा धडा मी फुकट शिकलो नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात शेजारचा फणस पडला. पंचवीसेक किलोची फोड मोठ्या उत्साहाने चढवली. आदल्या दिवशी लाटणी काढली होती, पट्टा वेगाच्या पुलीवरच राहिलेला. बटण दाबलं आणि लेथ माझ्याकडे चालत आलं. वीतभर. प्लग भिंतीतून उपटला गेला म्हणून निभावलं. तेव्हापासून बटणाशेजारी खडूने लिहिलंय: पट्टा?

पावसात लाइट जाते-येते. त्याने काही बिघडतं?

लेथ चालू असताना लाइट गेली आणि तुम्ही चहाला गेलात, तर लाइट आल्यावर साध्या बटणाचं लेथ आपलं आपण सुरू होतं. टूल रेस्ट लाकडाला टेकलेली, चकची चावी तशीच लावलेली, काहीही असू शकतं. वीज गेली की स्वतःहून बंद होणारा आणि हाताने दाबल्याशिवाय चालू न होणारा नो-व्होल्ट स्विच बसवून घ्या. फार महाग नसतो.

जुने कातारी हे सगळं नसताना काम कसं करायचे?

दोरी ओढून पुढे-मागे फिरणाऱ्या लेथवर वेगच इतका कमी असायचा की हा प्रश्न उभा राहत नव्हता. कुंकळ्ळीच्या चितारींचं लाखकाम घ्या किंवा सीमेपलीकडच्या सावंतवाडीचं, कातीव कामातला बराचसा माल बारीक व्यासाचा, उभ्या नसेचा. अर्ध्या मणाचा ओंडका आडवा धरून गरगर फिरवायचं वेड आपल्या पिढीचं.

पडलेल्या झाडाचं लाकूड असंच नेता येतं का?

उभं झाड तोडायला गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायदा, १९८४ खाली वन खात्याची परवानगी लागते. पडलेल्या झाडाला हात लावण्याआधीही मालकाला आणि वन खात्याच्या जवळच्या कचेरीत विचारून घ्या.

चालू करताना कुठे उभं राहायचं?

लाकडाच्या समोर नाही. लाकूड सुटलं तर ते फिरण्याच्या पातळीत उडतं, म्हणून बटण दाबताना हेडस्टॉकच्या बाजूला सरकून उभं राहा आणि मिनिटभर तिथेच थांबून ऐका. बटण लाकडाच्या पलीकडे असेल आणि त्याच्यापर्यंत पोचायला लाकडासमोरून हात न्यावा लागत असेल, तर इलेक्ट्रिशियनला बोलावून बटणाची जागा आधी बदला. चेहऱ्यावर पूर्ण झाकणारी शील्ड लावा, नुसता चष्मा पुरत नाही. साल उडताना मी पाहिली आहे. ती मंगलोरी कौल फोडून बाहेर गेली होती, आणि त्या भोकाखाली मी अजून बादली ठेवतो.